मालकाच्या नोंदीतून माणसापर्यंत : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय अपंगांचा इतिहास ग्रंथालयांत कसा शोधायचा

हॅरिएट टबमन मेरीलँडमधल्या गुलामीतून पळाली आणि मग पुन्हा पुन्हा मागे जाऊन तिने सुमारे ७० माणसांना सोडवून आणलं, एवढं बहुतेक वाचकांना माहीत असतं. एक गोष्ट मात्र चरित्रांमध्ये ओझरती येऊन जाते. ती लहान मुलगी असताना एका मुकादमाने दुसऱ्या गुलामाच्या अंगावर भिरकावलेलं दोन पौंडांचं वजन तिच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून आयुष्यभर तिचं डोकं दुखायचं, झटके यायचे, बोलता बोलता अचानक झोप लागायची. रात्रीच्या त्या सगळ्या फेऱ्या तिने या झटक्यांसकट केल्या. एखाद्या अमेरिकन ग्रंथालयाच्या तालिकेत तिचं नाव शोधलंत, तर ती गुलामगिरी, पलायन आणि स्त्रिया या विषयांखाली सापडेल. अपंगत्वाखाली ती क्वचितच भेटेल.

या इतिहासाची पहिली अडचण हीच. कागद भरपूर आहेत, पण माणसं स्वतःच्या नावाखाली ठेवलेली नाहीत. मालक, डॉक्टर, शिरगणती करणारा कारकून, वेड्यांच्या इस्पितळाचा अधीक्षक यांनी ज्या शब्दांत त्यांना नोंदवलं, त्या शब्दांखाली ती आहेत. म्हणून आधी त्या परक्या शब्दांनी शोधायला शिकायचं आणि तिथून त्या माणसांच्या स्वतःच्या शब्दांपर्यंत पोहोचायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काम केलं. हा विषय शोधताना ज्या वाटेने मला काही हाती लागलं, ती वाट इथे सांगते. बहुतेक काम घरबसल्या इंटरनेटवरून होतं. इंग्रजी वाचण्यापुरतं यायला हवं आणि शंभर पानी वही हवी.

आधी एक माणूस धरा

‘कृष्णवर्णीय अपंगांचा इतिहास’ असं शोधायला बसलात, तर तासाभरात थकून उठाल. त्यापेक्षा एक माणूस निवडा. टबमन निवडा, किंवा टॉमस विगिन्स. विगिन्स १८४९ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मला. तो आंधळा होता, आणि एकदा ऐकलेली धून पियानोवर जशीच्या तशी वाजवायचा. १८६० मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये वादन केलं. जाहिरातींत त्याचं नाव ‘ब्लाइंड टॉम’. मालकाच्या कुटुंबाने त्याच्या कार्यक्रमांवर अमाप पैसा केला आणि गुलामगिरी संपल्यावरही पालकत्वाच्या कागदांनी त्याला ताब्यात ठेवलं. म्हणजे या एका माणसासाठी तुम्हाला जाहिराती, वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं आणि त्याने रचलेल्या संगीताच्या छापील प्रती अशा चार तऱ्हांचे कागद बघावे लागतील. विषय शिकायचा तो असा.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात, कागद काय म्हणतो. दुसऱ्यात, तो कोणी लिहिला आणि कशासाठी. तिसऱ्यात, त्या कागदावर काय नाही. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहील. पाचसहा कागद वाचून झाले की तोच सगळ्यात भरलेला दिसेल.

शोधायचे शब्द

आज सभ्य समजले जाणारे शब्द १९७० च्या आधीच्या कागदांत सापडत नाहीत. त्या काळची भाषा कडवट आहे, पण शोधाच्या चौकटीत तीच टाकावी लागते. वंशासाठी निग्रो, कलर्ड आणि नंतरच्या तालिकांमध्ये अफ्रो-अमेरिकन. अपंगत्वासाठी क्रिपल्ड, लेम, हँडिकॅप्ड, डेफ अँड डंब, डेफ-म्यूट, फीबल-माइंडेड, इडियट, इनसेन, ल्यूनॅटिक. दोन्हींतला एकेक शब्द घेऊन जोड्या करा आणि रोमन लिपीत टाइप करा. ‘कलर्ड डेफ’ टाकलंत की शाळांचे अहवाल येतील. ‘कलर्ड इनसेन’ टाकलंत की इस्पितळांचे. कोणत्या जोडीने काय मिळालं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने तीच जोडी पुन्हा टाकत बसाल.

गुलामगिरीच्या काळासाठी एक शब्द मात्र वेगळा लक्षात ठेवा : ‘अनसाउंड’. गुलामाच्या विक्रीखतात तो शरीराने आणि मनाने ‘साउंड’ असल्याची हमी विकणारा द्यायचा. आपल्याकडे बैल घेताना दात नि खूर बघतात, तशी ती भाषा आहे. हमी खोटी निघाली तर घेणारा कोर्टात जायचा, आणि त्या खटल्यांमध्ये साक्षी व्हायच्या : हिला झटके यायचे का, याचा पाय कधीपासून असा आहे, ही वेडी आहे की सोंग घेते. एखाद्या स्त्रीच्या आजाराबद्दल लिहून राहिलेलं सगळं काही कधी कधी एवढंच असतं, आणि तेही तिची किंमत परत मिळावी म्हणून लिहिलेलं. असा खटला पहिल्यांदा वाचल्यावर मी दोन दिवस वही उघडली नाही. तुमचंही तसं होईल. थांबावंसं वाटलं तर थांबा आणि पुन्हा या.

हे शब्द शोधण्यापुरते. आपल्या लिखाणात ते अवतरणचिन्हांत, आणि गरज असेल तिथेच. मराठीत मी ‘अपंग’ आणि ‘बहिरे’ म्हणते. ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द आजच्या कायद्यापुरता ठीक आहे, पण ज्याला बाजारात ‘अनसाउंड’ म्हणून स्वस्तात विकलं त्याच्या नावापुढे तो लावताना माझा हात थांबतो.

पळून गेलेल्यांच्या जाहिराती

नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. गुलाम पळाला की मालक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा आणि ओळख पटावी म्हणून शरीराचं बारीक वर्णन करायचा : डाव्या पायाने लंगडतो, बोलताना अडखळतो, उजव्या हाताचं एक बोट नाही, पाठीवर वळ आहेत, एका डोळ्याने दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठाने ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ नावाने अशा जाहिरातींचा मोठा साठा सर्वांसाठी खुला केला आहे. शिवाय लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहातही त्या सापडतात. दोन्ही फुकट.

एक जाहिरात घ्या आणि तीन रकाने भरा. दुसऱ्या रकान्यात मालकाचं नाव नि बक्षिसाची रक्कम येईल. तिसऱ्यात लिहा : बोट कसं गेलं ते सांगितलेलं नाही. लंगडणारा माणूस किती मैल चालला ते नाही. मग हेही टिपा की मालकाने इच्छा नसताना एक पुरावा ठेवला आहे. लंगडणाऱ्या माणसाने पळायचं ठरवलं, आणि तो पळाला. अशा वीस जाहिराती ओळीने वाचल्यावर गुलामगिरीचं जे चित्र डोक्यात असतं, त्यातली धडधाकट तरुणांची रांग मोडते.

आकडे आणि डॉक्टर : इथे सावध राहा

अमेरिकेच्या शिरगणत्यांमध्ये बहिऱ्या आणि आंधळ्या माणसांची मोजणी १८३० पासून दिसते. १८४० मध्ये ‘इनसेन’ आणि ‘इडियट’ हाही रकाना आला, आणि निकाल असा निघाला की उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेकडच्या गुलामांपेक्षा कितीतरी जास्त आहे. गुलामगिरीचे समर्थक आनंदले. स्वातंत्र्य यांना झेपत नाही, असं जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री या नात्याने या आकड्यांच्या आधारे मांडलं. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर एडवर्ड जार्व्हिस यांनी तक्ते तपासले, तर काही गावांमध्ये जितके कृष्णवर्णीय रहिवासी होते त्याहून जास्त कृष्णवर्णीय वेडे नोंदलेले निघाले. न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही हे आकडे खोडून काढले. त्यांना अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, म्हणून ते ग्लासगोहून पदवी घेऊन आले होते. सरकारने मूळ तक्ते काही दुरुस्त केले नाहीत.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने ‘ड्रॅपेटोमेनिया’ हा आजार शोधल्याचं जाहीर केलं. लक्षण एकच : गुलामाला पळून जावंसं वाटणं. तेव्हा डिजिटल ग्रंथालयांत जुनी वैद्यकीय मासिकं उघडाल, तेव्हा दुसरा रकाना आधी भरा आणि पहिला नंतर.

म्हाताऱ्यांच्या मुलाखती

१९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखन-योजनेतल्या कार्यकर्त्यांनी गुलामीत जन्मलेल्या, तेव्हा हयात असलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. २,३०० हून अधिक कथनं आणि सुमारे ५०० छायाचित्रं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘बॉर्न इन स्लेव्हरी’ या संग्रहात ऑनलाइन वाचता येतात. बोलणारी बहुतेक माणसं ऐंशीच्या पुढची. कुणाची दृष्टी गेलेली, कुणाचे गुडघे. फटक्यांनी जायबंदी झालेली आई, आंधळी झालेली आजी, शेतकामाला निरुपयोगी ठरवून पोरं सांभाळायला बसवलेली म्हातारी अशा माणसांच्या आठवणी या मुलाखतींत येतात.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुलाखत घेणारे बहुतांशी गोरे होते, आणि बोलणारा त्याच गावात राहत होता. मालक चांगला होता, असं एखादा म्हणतो तेव्हा समोर कोण बसलं होतं ते बघा. आणि बोली दाखवायच्या हौसेने स्पेलिंग अशी मोडली आहेत की नेहमीच्या शब्दांनी शोध लागत नाही. एका राज्याचा एक खंड उघडा आणि सरळ पानं उलटत जा. या संग्रहात ती पद्धत शोधयंत्रापेक्षा जास्त देते.

इस्पितळांचे कागद

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी वेगळी मनोरुग्णालयं निघाली. व्हर्जिनियातलं १८७० चं सेंट्रल ल्यूनॅटिक असायलम, जे पुढे पीटर्सबर्गला गेलं, त्यांतलं आरंभीचं. मेरीलँडचं क्राउन्सव्हिल १९११ मधलं. ते रुग्णांकडूनच बांधून घेतलं, आणि २००४ मध्ये ते बंद झालं. तिथल्या दफनभूमीत बऱ्याच थडग्यांवर नावाच्या जागी नुसता क्रमांक आहे.

उत्तर कॅरोलिनात गोल्ड्सबरोला असंच इस्पितळ होतं. १९०८ मध्ये जन्मलेला ज्युनियस विल्सन हा बहिरा कृष्णवर्णीय तरुण १९२५ मध्ये तिथे कोंडला गेला. बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप होता, पण खटला चाललाच नाही, त्याला वेडा ठरवलं. तो रॅलेच्या कृष्णवर्णीय बहिऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या खुणांनी बोलत होता आणि त्या खुणा कळणारं तिथे कोणी नव्हतं. त्याला खच्ची केलं. आरोप १९७० च्या दशकात मागे घेतले, तरी १९९४ पर्यंत तो आत राहिला, मग इस्पितळाच्याच आवारातल्या एका घरात. २००१ मध्ये तो वारला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत त्याच्यावर पुस्तक आहे. त्याचं नाव टाकलंत की सापडेल.

रुग्णांच्या वैयक्तिक फाइली बहुधा बंद असतात, आणि ते योग्यच आहे. तुम्हाला मिळतात ते वार्षिक अहवाल, इमारतींचे नकाशे, अंदाजपत्रकं, विधिमंडळाच्या चौकश्या. अहवालात शेतीच्या उत्पन्नाचा तक्ता असला तर तो वाचा. किती पोती मका, किती दूध. ते काम कोणाकडून करून घेतलं, याचं उत्तर त्याच अहवालातल्या रुग्णसंख्येत असतं. एखादं रुग्णाचं नाव चुकून उघडं सापडलं, तर वहीत फक्त आद्याक्षरं लिहा. त्यांची नातवंडं आज हयात असू शकतात.

सक्तीच्या नसबंदीचे कागदही याच वाटेवर भेटतात. कोणाला मुलं होऊ द्यायची नाहीत हे ठरवणाऱ्या उत्तर कॅरोलिनाच्या सरकारी युजेनिक्स बोर्डाने १९७४ पर्यंत सुमारे ७,६०० माणसांची नसबंदी करवली. १९७३ मध्ये अलाबामातल्या रेल्फ बहिणींची, वय १४ आणि १२, त्यांना न सांगता शस्त्रक्रिया झाली. ते प्रकरण कोर्टात गेलं म्हणून त्याचे कागद आज वाचता येतात.

बहिऱ्यांच्या शाळा आणि त्यांची भाषा

रॅलेला १८६९ मध्ये कृष्णवर्णीय बहिऱ्या-आंधळ्या मुलांची शाळा सुरू झाली. मागून दक्षिणेत अशा अनेक निघाल्या. सगळ्यांकडे पैसा कमी. गोऱ्यांच्या शाळांमध्ये खुणांची भाषा बंद करून मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला लावण्याचं खूळ शिरलं. ते महागडं शिक्षण कृष्णवर्णीय शाळांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला, आणि तोवर तिथे खुणा चालूच राहिल्या. त्यातून अमेरिकन खुणांच्या भाषेची (एएसएल) आज ‘ब्लॅक एएसएल’ म्हणून ओळखली जाणारी बोली टिकली. दोन्ही हातांच्या जुन्या खुणा, कपाळाच्या उंचीवर होणाऱ्या खुणा, ऐसपैस हातवारे ही तिची लक्षणं. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांच्या विद्यापीठात २०२० पासून कृष्णवर्णीय बहिऱ्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे, आणि विद्यापीठाच्या संग्रहात शाळांचे फोटो, वार्षिकांक, चित्रफिती आहेत. या विषयात चित्रफीत हाच मूळ दस्तऐवज. लिहिलेलं वर्णन वाचून हातांची चाल कळत नाही, आधी बघा.

त्याच आवारातली केंडल ही बहिऱ्या मुलांची शाळा कृष्णवर्णीय मुलांना घेत नव्हती. राजधानीतल्या मुलांना शिकायला मेरीलँडला जावं लागे. लुईझ मिलर या आईने आपल्या बहिऱ्या मुलासाठी इतर पालकांना घेऊन खटला भरला आणि १९५२ मध्ये जिंकला. तरी आधी मिळाली ती वेगळी शाखाच. त्या शाखेतल्या २४ विद्यार्थ्यांना हायस्कूलची प्रमाणपत्रं दिली गेली ती २०२३ मध्ये. आठवणींचं पुस्तक हवं असेल तर मेरी हेरिंग राइट यांचं १९९९ मधलं आत्मकथन मागवा. रॅलेच्या शाळेतली विद्यार्थिनी स्वतः बोलते आहे, हे त्याचं मोल.

स्वतःच्या तोंडून

माझ्या मावशीला लहानपणी पोलिओ झाला. तिच्याबद्दलचे कागद घरात तीन : रेशनकार्ड, बसचा सवलतीचा पास आणि टक्केवारीचा दाखला. ती आमच्या गल्लीतल्या अर्ध्या मुलींना शिवण शिकवायची, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयातल्या मुलाखती मी पहिल्यांदा उघडल्या तेव्हा रात्री उशिरापर्यंत उठलेच नाही. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या या लांबलचक मौखिक इतिहासाच्या मुलाखती आहेत, आणि त्यांची लिखित रूपं ऑनलाइन आहेत. त्यांत कृष्णवर्णीय माणसं थोडी, पण आहेत.

जॉनी लेसी यांची मुलाखत आधी वाचा. एकोणिसाव्या वर्षी पोलिओ, मग व्हीलचेअर, पुढे कॅलिफोर्नियात हेवर्डच्या स्वावलंबन केंद्राच्या प्रमुख. विद्यापीठात एका विभागाने त्यांना घ्यायला नकार दिला. केवळ स्त्री म्हणून किंवा केवळ रंगावरून तुम्ही मला अडवू शकला नसता, अपंग आहे म्हणून अडवता, असं त्यांनी विभागप्रमुखांना तोंडावर सुनावलं. कृष्णवर्णीयांमध्ये अपंगत्वाकडे कसं बघतात आणि अपंगांच्या चळवळीत आपण किती एकट्या होतो, तेही त्या आडपडदा न ठेवता सांगतात. नंतर डोनाल्ड गॅलोवे या आंधळ्या कार्यकर्त्याची मुलाखत घ्या.

तिथून १९७७ कडे वळा. १९७३ च्या कायद्यातलं ५०४ वं कलम सांगत होतं की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगांना डावलायचं नाही, पण नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभरावर अपंग माणसं शिरली आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथेच राहिली. त्यांत ब्रॅड लोमॅक्स होता, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर असलेला, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचा तरुण, आणि त्याला मदत करणारा पक्षसाथी चक जॅक्सन. पँथर रोज शिजवलेलं गरम जेवण आत पोहोचवत होते, सगळ्यांसाठी. २८ एप्रिलला सही झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं ते हेच पँथर, आणि तरी त्यांच्या कामाची ही बाजू आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही.

हे प्रकरण तीन कागदांतून वाचा. एक, त्या दिवसांतली मोठी वर्तमानपत्रं. दुसरे, पँथरांच्या स्वतःच्या वर्तमानपत्राचे एप्रिल-मे १९७७ चे अंक. त्यांचे स्कॅन इंटरनेटवर मिळतात. तिसरं, सॅमी शाल्क यांचं ‘ब्लॅक डिसॅबिलिटी पॉलिटिक्स’ हे २०२२ चं पुस्तक, जे प्रकाशकानेच विनामूल्य वाचायला ठेवलं आहे. लोमॅक्सचं नाव कुठे येतं, कुठे गळतं, ते वहीत मांडा.

खासगी कागदपत्रं आणि एक सराव

लेखकांचे कागद ग्रंथालयांत खोक्यांत असतात : पत्रं, रोजनिशी, कच्चे खर्डे. ऑड्री लॉर्ड यांचे अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात, ऑक्टेव्हिया बटलर यांचे कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयात. लॉर्ड यांची नजर लहानपणापासून अधू होती आणि कर्करोगाबद्दल त्यांनी १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. बटलर यांना वाचन-अडथळा होता. खोकी ऑनलाइन नसतात, पण त्यांची संग्रहसूची असते. कोणत्या खोक्यात, कोणत्या फोल्डरमध्ये काय, हे तीत लिहिलेलं असतं.

संग्रहसूची वापरायला शिकायची असेल तर आपल्या माणसापासून सुरुवात करा. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते सांगून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात ड्यू बॉइस संग्रहात आहे, आणि त्याचं स्कॅन कुणालाही बघता येतं. आंबेडकरांचं नाव, वर्ष, पत्रव्यवहार असं गाळत जा. पत्र सापडलं की त्याच पानावर संग्रहाचं नाव, क्रमांक, वापराच्या अटी कुठे लिहिल्या आहेत ते बघून घ्या. मग त्याच संग्रहात ‘ब्लाइंड’ किंवा ‘क्रिपल्ड’ टाका.

अमेरिकेतल्या ग्रंथपालाला पत्र

एक खरी गोष्ट सांगते. तिथले संग्रहपाल अनोळखी माणसाच्या ईमेलला बहुधा उत्तर देतात, प्रश्न नेमका असेल तर. ‘या विषयावर माहिती पाठवा’ असं लिहू नका. संग्रहाचं नाव, खोक्याचा नि फोल्डरचा क्रमांक, कोणत्या वर्षांचे कागद हवेत, आणि तुम्ही भारतातून लिहिता, येऊ शकत नाही, एवढं चार ओळींत लिहा. थोडी पानं कधी फुकट स्कॅन करून मिळतात. जास्त असतील तर दर आधी विचारा. हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयातली काही पुस्तकं अमेरिकेबाहेर पूर्ण उघडत नाहीत, तेव्हा तीच इंटरनेट अर्काइव्हवर आहेत का ते बघायचं.

तुम्ही स्वतः आंधळे असाल किंवा छापील वाचणं कठीण जात असेल, तर जुन्या कागदांचे स्कॅन हा मोठा अडसर आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रातलं हस्ताक्षर दिसत नाही. पत्रात हे स्पष्ट लिहा आणि टाइप केलेली प्रत आहे का विचारा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘बाय द पीपल’ हा उपक्रम आणि स्मिथसोनियनचं लिप्यंतर केंद्र यांत जगभरातले स्वयंसेवक हस्तलिखित पानं टाइप करतात. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६५ मध्ये निघालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याचे मूळ कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ते उतरवण्याचं काम स्मिथसोनियनच्या या केंद्रात चालतं. ते उतरवताना इस्पितळं, औषधं, शिधा, काम न झेपणारी म्हातारी माणसं यांच्या नोंदी हाताखालून जातात. मी रविवारी एक पान करते. अक्षर लागलं नाही तर कंसात तसं लिहून पुढे जायचं, दुसरं कोणीतरी ते तपासतं. पान मंजूर झालं की स्क्रीन रीडर ते वाचून दाखवू शकतो.